मेल्या म्हणणारा माणूस

बाबांची पदयात्रा बाजारपेठेत शिरली तेव्हा काशीकाका चौकात माईकवर उभे राहून बाबांचीच पिसं काढत होते. नळाला पाणी नाही, जेटीवर दिवा नाही आणि नगरपालिकेत भालचंद्र धुरी फक्त चहा पीत बसतात, हे त्यांचं नेहमीचं भाषण रंगात आलं होतं. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. बाबांच्या गळ्यातला झेंडूचा हार पार सुकला होता आणि त्यांचा चेहरा मला काही बरा दिसत नव्हता. त्या थंडीतच त्यांची बायपास झाली होती. मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागेमागे चालत होते, कारण आईने मला त्याच कामावर नेमलं होतं.

काशीकाकांनी आम्हाला पाहिलं आणि भाषण तिथेच सोडलं. माईक तोंडाजवळ तसाच होता. ते म्हणाले, "रे भालू, उनात कित्या फिरतंस? डॉक्टरान काय सांगल्यान तुका? जा, सावलेत बस जरा. मता काय खंय पळान जातत? असोच फिरलंस तर मरशीत, मेल्या."

चौक हसला. बाबांनी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओरडून सांगितलं, "आदी तुजा डिपॉझिट सांभाळ, मेल्या." त्यावर चौक आणखी हसला. काशीकाकांनी मंडपातली एक खुर्ची कडेला सावलीत मांडायला लावली आणि आमच्या पक्षाचे नगराध्यक्षपदाचे उमेदवार विरोधी उमेदवाराच्या मंडपात बसले, पाणी प्याले, आपल्यावरची उरलेली टीका ऐकली आणि थोडे ताजेतवाने होऊन पुढे निघाले.

खारेपेठेत हे असंच चालायचं. बाबांचं हार्डवेअरचं दुकान, त्याच्या वर आमचं घर, आणि समोर काशिनाथ मांजरेकरांची खानावळ, मधे एक रस्ता. दोघे एका वर्गात शिकले, एकाच होडीतून चोरून मासे मारायला गेले आणि पुढे दोन वेगवेगळ्या पक्षांत शिरले. कोण कशासाठी कुठे शिरला ते त्यांनाही नीट आठवत नसावं. निवडणूक आली की दोघांच्या सभा एकाच चौकात, एकामागून एक व्हायच्या. माईक तोच, मंडप तोच, समोरची माणसंही तीच. एक बोलत असताना दुसरा पानाच्या टपरीवर उभा राहून मधेमधे पिंक टाकावी तसा शब्द टाकायचा. लोक भाषणं ऐकायला येत नसत, ही जुगलबंदी ऐकायला येत. मत कुणाला द्यायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं असे.

आणि "मेल्या" हा शब्द. आता तो समजावून सांगायची वेळ यावी यातच सगळं आलं. आमच्याकडे मालवणी मुलखात ती हाक आहे. घाटावरच्या माणसाला ती शिवी वाटते, वाटू दे. आमच्याकडे आई मुलाला म्हणते, मित्र मित्राला म्हणतो, कोळीण गिऱ्हाइकाला म्हणते आणि वर एक बांगडा जास्त टाकते. ज्याला गावात कुणी मेल्या म्हणत नाही त्याने ओळखावं की आपलं इथे कुणी नाही. बाबा ऑपरेशनहून घरी आले त्या दिवशी काशीकाका पेजेचा डबा घेऊन आले होते आणि खाटेशेजारी बसून त्यांनी पहिलं वाक्य टाकलं होतं, "वाचलंस काय रे, मेल्या?" तेवढं बोलून या आडदांड माणसाने पंच्याने डोळे पुसले होते. पुढे बाबा हिंडूफिरू लागेपर्यंत बिनमिठाचं जेवण खानावळीतूनच आलं. काशीकाकांची बायको, इंदूकाकू, ते वेगळ्या टोपात शिजवायच्या.

पदयात्रेच्या त्याच दिवशी संध्याकाळी आईने टीव्ही लावला आणि मला हाक मारली.

मुंबईच्या मोठ्या चॅनलवर आमचा चौक दिसत होता. काशीकाकांचं तोंड पडदाभर मोठं केलं होतं. त्या तोंडातून एवढंच येत होतं, "मरशीत, मेल्या." मग पुन्हा तेच. मग पुन्हा. दर खेपेला मागे ढोल वाजे आणि खाली लाल पट्टी सरके: हृदयरुग्ण उमेदवाराच्या मरणाची भर सभेत भाषा. ऊन नव्हतं, सावली नव्हती, डॉक्टर नव्हता, खुर्ची नव्हती. बाबांनी दिलेलं उत्तर तर नव्हतंच. निवेदक घसा ताणून विचारत होता की महाराष्ट्राचं राजकारण कुठल्या थराला गेलं आहे. त्याच्या आवाजावरून मला तरी असं वाटलं की तो थर त्यानेच मोजून ठेवलेला आहे.

बाबा आधी हसले. म्हणाले, काशीक दाखवूक होया ह्या, आणि खरंच पलीकडे खानावळीत जायला निघाले. जिन्यावरच त्यांना पाटणकर भेटले.

पाटणकर आमच्या पक्षाने मुंबईहून पाठवलेले गृहस्थ. प्रचार कसा करावा हे आम्हाला शिकवायला आले होते. इस्त्रीचा सदरा, हातात दोन फोन आणि बोलणं इतकं गोड की ऐकून तोंड धुवावंसं वाटे. त्यांनी बाबांच्या दंडाला धरून वर आणलं आणि खुर्चीत बसवलं. पक्षाच्या हिशेबात आपण मागे आहोत, हे त्यांनी पहिल्यांदाच उघड सांगितलं. खालची आळी, बंदर, मुसलमान मोहल्ला, सगळीकडे मांजरेकर पुढे होते. आणि आता देवाने ही गोष्ट ताटात आणून वाढली होती.

बाबांनी सांगून पाहिलं की ती शिवी नव्हे, त्याने मला सावलीत बस म्हणून सांगितलं. पाटणकरांनी मान डोलावली. म्हणाले, "मला कळतं हो. तुम्हाला खोटं बोला असं मी म्हणतच नाही. तुम्ही काहीच बोलू नका. फक्त जरा दुखावलेले दिसा."

बाबा आयुष्यभर नगरसेवक राहिले होते. नगराध्यक्ष व्हायची ही शेवटची संधी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांनाही. त्या संध्याकाळी ते खानावळीत गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच दिगूकडे गेले. दिगंबर गावकर माझ्या वर्गातला. मुंबईच्या चॅनलला इथल्या बातम्या पाठवायचा. मिठाईच्या दुकानावर एक खोली घेऊन त्याने तिला ऑफिस असं नाव दिलं होतं. चौकातला कॅमेरा त्याचाच, हे मला माहीत होतं. मी त्याला खुर्चीचा फोटो काढतानाही पाहिलं होतं. मी त्याला सरळ विचारलं की बाकीचं बोलणं कुठे गेलं.

"पाठवलंय मी सगळा," तो म्हणाला. "तेवढाच त्यांनी ठेवल्यानी."

मी म्हटलं, मग फोन करून सांग त्यांना की या शब्दाचा अर्थ तसा नाही. दिगू हसला. हसताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"माका अर्थ सांगतंस, वैजू? माजी आजी माका उठता बसता मेल्या म्हणता. पण मी नळपाण्याची बातमी पाठवलंय, जेटीची पाठवलंय, सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाय ती पाठवलंय. एक लागली नाय. ही अर्ध्या तासात लागली. आता सांगू त्यांका, चुकीची आसा म्हणान?"

त्याच्या टेबलावर दोन फोन एकदम वाजत होते. मी बोलत राहिले आणि तो ऐकतोय असं दाखवत राहिला. शेवटी त्याने मला एक सल्ला दिला, आणि तो खरा होता हे मला कबूल करावं लागतं. तो म्हणाला की मी काय, तू काय, शंभर माणसं ओरडली तरी कुणी ऐकणार नाही. ज्याला म्हटलं त्यानेच सांगायला हवं. बाबांनी कॅमेऱ्यासमोर एक वाक्य बोलावं, विषय तिथेच संपेल.

मी घरी येऊन बाबांना तेच सांगितलं. ते म्हणाले, उद्या सांगतो. माणूस नाही म्हणत नाही तेव्हा तो किती खोल गेलेला असतो हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटलं, उद्या म्हणजे उद्याच.

तो उद्याचा दिवस उजाडला आणि काशीकाकांच्या दारात प्रेतयात्रा आली. आमच्या पक्षाचीच मुलं, पण गावातली एकही नाही. टेम्पोतून तालुक्याहून आणलेली. बांबूची तिरडी, वर पेंढा भरलेला सदरा, चेहऱ्याच्या जागी काशीकाकांच्या पोस्टरचा कापलेला तुकडा. पुढे एक मुलगा मडकं घेऊन. काशिनाथचा धिक्कार असो, काशिनाथ मुर्दाबाद. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजारातली माणसं दुकानांतून बाहेर येत होती आणि कुणी हसत नव्हतं. आमच्या गावात लोक हसत नाहीत असा तो प्रचाराचा पहिला दिवस.

काशीकाका हातातला आमटीचा डाव घेऊनच बाहेर आले. त्यांनी तिरडीकडे पाहिलं, पोस्टरमधल्या आपल्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या मडकेवाल्याला म्हणाले, "मडक्या तसा धरतत नाय, रे. कोणाच्या मर्तिकाक कधी गेलंस नाय काय?"

तो मुलगा गोंधळून थांबला. घोषणाही थांबल्या. तिथेच सगळं विरलं असतं. पोरं परत टेम्पोत बसली असती, काशीकाकांनी कदाचित त्यांना चहाही पाजला असता. पण मुंबईहून आलेल्या गाडीतून एक मुलगी माईक घेऊन धावत आली. त्यांचा कॅमेरा लागलाच नव्हता. तिने विनंती केली की जरा मागे जाऊन परत एकदा या आणि घोषणा थोड्या जोरात द्या. तिने काशीकाकांनाही सांगितलं की काका, तुम्ही पण परत आतून बाहेर या ना.

आणि ती प्रेतयात्रा परत गेली आणि परत आली. जिवंत माणसाच्या दारात दुसऱ्यांदा, या वेळी जास्त जोरात, आणि मडकं बरोबर धरून. काशीकाका मात्र दाराबाहेर आले नाहीत. इंदूकाकू आल्या. त्यांनी दारात उभं राहून ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं, मग रस्त्यापलीकडे, आमच्या दुकानाकडे पाहिलं. मी पायरीवर होते आणि मागे आत, काउंटरला, बाबा होते.  काकूंनी आत जाऊन दार लावून घेतलं. खानावळीचं दार जेवणाच्या वेळी बंद झालेलं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी चॅनलवर ती यात्रा 'जनतेचा उत्स्फूर्त उद्रेक' झाली. मग काशीकाकांच्या पक्षाची बाहेरची पोरं तरी कशी मागे राहतील? आमच्या दुकानाच्या शटरवर त्यांनी लाल रंगात बाबांच्या ऑपरेशनवरून असं काही लिहिलं की आईने ते मला वाचू न देता आधी रॉकेलने पुसलं. त्याचाही फोटो चॅनलवर आला, त्याला 'पलटवार' म्हणाले. नळपाणी, जेटी, दवाखाना ही नावं त्यानंतर मतदानापर्यंत कुणाच्या तोंडून आली नाहीत. लोक टपरीवर बोलेनात. जो तो फोनमध्ये डोकं घालून दुसऱ्याची आईबहीण काढत होता आणि समोर भेटला की नमस्कार करत होता.

पोलिसांनी काशीकाकांना दोनदा बोलावून बसवून ठेवलं. निवडणूक अधिकाऱ्याकडे आमच्या पक्षाची तक्रार गेली होती, तिच्यावर बाबांची सही होती. ती सही पाटणकरांनी इतर कागदांसोबत घेतली, असं बाबा म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता. पण मी रोज त्यांच्या मागे लागले. आईही लागली. बाबांचं उत्तर एकच, सांगतो, योग्य वेळी सांगतो.

प्रचार संपायच्या आदल्या संध्याकाळी ती योग्य वेळ आपल्या पायांनी घरात आली. मुंबईच्या चॅनलने दोघांना थेट चर्चेला बसवलं. बाबा आमच्या पडवीत, काशीकाका त्यांच्या खानावळीत, मधे तोच रस्ता, आणि टीव्हीवर दोघे दोन चौकटींत शेजारीशेजारी. हाक मारली असती तर ऐकू गेली असती इतक्या अंतरावरची दोन माणसं मुंबईमार्गे बोलणार होती. दिगूने बाबांच्या कानात मुंबईचं बोलणं ऐकायचं यंत्र बसवलं आणि सदऱ्याला माईक लावला. पाटणकर कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले. मी आत, टीव्हीसमोर आईजवळ बसले. मला खरोखर आनंद झाला होता. मला वाटलं, आता दोन मिनिटांत हे सगळं संपणार.

निवेदकाने सुरुवातीलाच तो तुकडा दाखवला. मग काशीकाकांना विचारलं की तुम्ही माफी मागणार का. काशीकाका बावचळले होते. माईकचा राजा असलेला माणूस, पण समोर माणसं नव्हती, नुसतं भिंग होतं. ते समजावून सांगू लागले की आमच्याकडे असं बोलतात, आणि निवेदक त्यांना दर चार शब्दांनी तोडत होता. म्हणजे तुमच्याकडे लोकांचं मरण चिंतण्याची पद्धत आहे, असं म्हणायचंय का? हो की नाही, एका शब्दात सांगा. काशीकाकांना घाम फुटला. त्यांनी कपाळ पुसलं आणि एकदम कॅमेरा, निवेदक, मुंबई सगळं सोडून थेट बाबांशी बोलायला लागले.

"भालू, तूच सांग रे यांका. आपण कसे बोलतंव ता. माजा कोण ऐकणा नाय."  काशीकाकांनी क्षणभर वाट पाहिली आणि मग सवयीने, अगदी घरच्यासारखे म्हणाले, "सांग रे मेल्या. गप कित्या रवलंस?"

माझ्या शेजारी आईने पदर तोंडाशी नेला. निवेदक खुर्चीतून अर्धा उठला होता. पाहिलंत, महाराष्ट्रा, थेट प्रक्षेपणात, पुन्हा तोच शब्द. या माणसाला ना खंत ना खेद. आणि मग त्याने आवाज एकदम खाली आणला, गोड केला, आणि विचारलं, "धुरीसाहेब, तुम्ही सांगा. ही शिवी आहे का?"

पडदाभर आता फक्त बाबा. मी त्या चेहऱ्याकडे पाहत होते. ओठाच्या एका कोपऱ्यात हसू आलं होतं, मी शपथेवर सांगेन. काशीकाकांच्या तोंडून तो शब्द ऐकला की यायचं तेच हसू. त्यांनी तोंड उघडलं, कॅमेऱ्याच्या मागे, पाटणकर उभे होते तिकडे, पाहिलं आणि ते हसू गेलं.

"मला अतिशय वेदना झाल्या," बाबा म्हणाले. "सार्वजनिक जीवनात अशी भाषा शोभत नाही. निर्णय जनतेने करावा."

आमच्या घरात असं मराठी कुणी बोलत नसे. बाबा तर मुळीच नाही. दुसऱ्या चौकटीत काशीकाका होते, आणि त्यांनी ते ऐकलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांना राग आला नाही. ते नीट निरखून पाहू लागले, जसं ओळखीच्या आवाजाने हाक मारली म्हणून वळावं आणि भलताच माणूस दिसावा. मग त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि ते चौकटीतून उठून गेले. रिकामी खुर्ची बराच वेळ दिसत राहिली. खाली पट्टी आली, चर्चेतून पळ.

मी पडवीत गेले तेव्हा दिगू वायरी गुंडाळत होता. पाटणकर फोनवर कुणाला तरी सांगत होते की झालं काम. मी सगळ्यांसमोर बाबांना म्हटलं की तुम्ही नुसते हसला असतात तरी पुरलं असतं. त्यांनी सदऱ्याचं बटण लावलं, ते आधीच लागलेलं होतं.

"निवडणूक झाली की जातंय त्याच्याकडे," ते म्हणाले. "तो समजान घेतलो. काशी आसा तो."

बाबा निवडून आले, चांगल्या मतांनी आले. पाटणकरांचा हिशेब चोख होता. खालच्या आळीतल्या बायकांनी, ज्या स्वतः मुलांना मेल्या म्हणून उठवत, त्यांनीही मरणाची भाषा केली म्हणून काशीकाकांना मत दिलं नाही. टीव्हीवर शब्द इतक्यांदा ऐकला की त्यांना आपल्याच तोंडातला तो शब्द ओळखू येईना.

निकालाच्या दिवशी दुपारी घर गुलालाने भरलं होतं. पडवीत माणसं, पेढे, दिगूचा कॅमेरा, मुंबईची ती मुलगी. आणि काशीकाका आले. गर्दी आपोआप बाजूला झाली. धुतलेला सदरा, हातात हार, एकटेच. बाबा खुर्चीतून उठून दोन पावलं पुढे गेले. त्यांच्या तोंडावर असा काही आनंद उमटला की क्षणभर मीही सगळं विसरले.

काशीकाकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि हात जोडले. "अध्यक्षमहोदय, आपलं मनःपूर्वक अभिनंदन. आपल्या हातून शहराची सेवा घडो."

त्या तोंडी तसली भाषा. एकही शब्द चुकला नाही, मालवणी हेलही आला नाही. पाठ करून आले असावेत. बाबा म्हणाले, काशी, बस रे, चाय घे. काशीकाका म्हणाले, "नको, आपल्याला कामं असतील. येतो मी." आणि वळले.

ते पायऱ्या उतरू लागले तसं बाबांना राहवलं नाही. गुलाल, माणसं, कॅमेरा, सगळ्यांसमोर, घसा फाटेल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, "रे मेल्या, थांब. असो कसो जातंस?"

काशीकाका थांबले. वळून त्यांनी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "जपून बोला, साहेब," ते म्हणाले. "कॅमेरा चालू आहे." आणि रस्ता ओलांडून खानावळीत गेले.

संध्याकाळी आम्ही टीव्ही लावला तो सत्काराची बातमी बघायला. पट्टी होती, विजयाचा माज, नगराध्यक्षांची पराभूत उमेदवाराला शिवी. बाबांचं तोंड पडदाभर. रे मेल्या, थांब. पुन्हा. पुन्हा. ढोलही तोच होता. निवेदकाने तोच घसा ताणून विचारलं की वेदना झालेल्या नगराध्यक्षांचा हाच का खरा चेहरा. मला हसू आलं आणि त्या हसण्याची किळसही आली. दिगूने हेही पाठवलं होतं आणि हीही लागली होती.

मग त्यांनी खानावळ दाखवली. दिगू माईक धरून उभा होता आणि काशीकाका टेबल पुसत होते. दिगूने विचारलं की नगराध्यक्षांनी आपल्याला जो शब्द वापरला त्याचा अर्थ काय. बाबा खुर्चीच्या कडेला आले. आता पाळी काशीकाकांची होती, आणि बाबांना त्या माणसाची पुरती खात्री होती. मला दिसत होतं, ते हसायच्या तयारीत होते.

काशीकाकांनी फडकं खांद्यावर टाकलं. "अर्थ मला काय विचारता? धुरीसाहेबांनी सांगितलाय की. सगळ्या महाराष्ट्राने ऐकला. तोच."

दिगूने आणखी काही विचारायचा प्रयत्न केला, पण ते पुढच्या टेबलाकडे गेले होते. आईने टीव्ही बंद केला. ती म्हणाली की काशिनाथ असं बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. 

तेवढ्यात पाटणकरांचा फोन आला. बाबांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला, ऐकू कमी येत होतं म्हणून की एकट्याने ऐकवेना म्हणून, कोण जाणे. पाटणकर घाईत होते. प्रकरण वाढायच्या आत खुलासा द्यायला हवा. मालवणीत हा प्रेमाचा शब्द आहे, जिव्हाळ्याचा आहे, आपली संस्कृती आहे, असं काहीतरी. धुरीसाहेब, तुमची मुलगी मराठी घेऊन बी.एड. झालीय ना, दोन ओळी लिहायला सांगा, अर्ध्या तासात चॅनलला जातील. तुमच्या दोघांच्या जुन्या मैत्रीचाही उल्लेख करा, लोकांना आवडतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही, कागद आणला नाही. त्यांनीही मला सांगितलं नाही. पलीकडून पाटणकर हॅलो, हॅलो करत होते.

"नको, साहेब," बाबा म्हणाले. "लिवूक नको. आता आमच्यात तसा काय रवला नाय."